थंड इंजिनाची फत्ते

“हात काढ! आधी तो हात काढ! माझ्या अंगणात आलास, मला ‘कसे आहात’ म्हणालास का? माझ्या बायकोला म्हणालास का? आणि थेट गाडीच्या पोटाला हात? मुलगी बघायला जाशील तेव्हा आधी तिचा गाल चाचपशील काय रे?”

“चाचपीन! ताप असला तर कळेल तरी! तुमच्या गाडीला ताप आहे, म्हातारबा. इंजिन कढत आहे. मी यायच्या आधी चालू करून ठेवलीत. ही चोरांची पद्धत आहे!”

“चोर? मी? जुळ्यांचा बाप चोर? नीघ इथनं!”

येणेंप्रमाणे काम्पाला शहरी, मकिंड्येच्या टेकडीवर, सालोंगो, म्हणजे जुळ्यांचे बाप, लुबोवा यांचे अंगणात युद्धास तोंड लागले, आणि दाणे टिपणारी कोंबडी अंगण ओलांडून पलीकडे पोहोचली नाही तोच ते संपलेही, आणि मग आमचे वीर फाटकाबाहेर आणि त्यांची एक चप्पल फाटकाच्या आत, ऐशी वाटणी जाहली. मग सालोंगोंनी चप्पल वरून भिरकावली, ती वीरांचे खांद्यास लागली, आणि त्या दिवशीची लूट म्हणोन हाती लागले ते एवढेच.

आता वीर कोण आणि युद्ध कशापायी, हे मुळापासून सांगणे प्राप्त आहे. वाचणाऱ्यांनी मांडी घालावी. ज्यांस घाई असेल त्यांनी तर जरूर घालावी, कारण ही बखर त्यांचीच आहे.

वीरांचे नाव राजश्री बिसिम्वा. मूळ वतन काँगो देशी बुकावू, मोठ्या तळ्याचे काठी. तेथे धामधूम होऊन मुलूख सुटला आणि मावशी न्सिमिरे हिचे बोट धरून युगांडा देशी येणे जाहले, आणि न्सांब्याच्या उतारावर एका खोलीत ठाणे घातले. उमर अठरा, मिशा अर्ध्या. किताब तीन: शीघ्रकोपी, तीक्ष्णनेत्र, शाळात्यागी. तिसऱ्या किताबाची हकीकत ऐशी जे, वीर फ्रेंचमध्ये हुशार आणि येथील कारभार सारा इंग्रजीत, म्हणोन मास्तरांनी त्यांस गुडघ्याएवढ्या पोरांत बसविले. बाक लहान, वीर लांब. एके दिवशी गुडघा बाकात अडकला, पोरे हसली, आणि वीर बाकासकट उठले आणि बाकासकट वर्गाबाहेर गेले. बाक मागाहून परत गेला, वीर गेले नाहीत. सदर बखर लिहिणार आणि सदर वीर हे एकाच खोलीत राहतात, एकच शर्ट घालतात आणि एकाच आरशात तोंड पाहतात, म्हणोन खबर पक्की समजावी.

शाळा सुटल्यावर वीरांनी न्सांब्याच्या बोडा-थांब्यावर चाकरी धरली. बोडा म्हणजे भाड्याने माणसे वाहणारी मोटारसायकल, आणि थांब्यास सारे स्टेज म्हणतात. चाकरी हीच की, दुसऱ्यांच्या गाड्या बादली-फडक्याने धुवाव्या. स्टेजचे अधिपती चेअरमन काग्वा, यांचे तख्त आंब्याखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीचे, एक पाय तारेने बांधिलेले. त्यास एक शिलेदार पहारेकऱ्याच्या नोकरीवर दुबईस गेला आणि स्टेजवरील एक जागा रिकामी पडली. तेव्हा वीरांनी बादली ठेवून अर्ज गुदरला, आणि चेअरमनसाहेबांचे फर्मान सुटले जे:

“ऐक रे काँगो. जागा तुला देतो, रविवार सकाळपर्यंत धरून ठेवतो. पण स्वतःची गाडी घेऊन यायचं. आणि चढावर गाडी मेली ना, बाईमाणूस उतरून ढकलायला लागली ना, तर तुझं नाव कोणी घेत नाही, माझ्या स्टेजचं घेतात. मग तू आणि तुझी बादली. चालेल?”

“चालेल की! धावेल!”

“बघ हं. तुझं तोंड धावतं, ते मला माहितेय. मी गाडीचं विचारतोय.”

आता गाडी घ्यावी तर खजिना पाहिजे, आणि घरात खजिना म्हणावा ऐसी एकच वस्तू, ती मावशीचे शिलाई मशीन. तिने त्या मशीनवर अर्ध्या न्सांब्याचे कपडे शिवले होते आणि वीरांस अन्न घातले होते. काबालागालाची एक शिंपीण त्यावर पूर्वीपासून डोळा ठेवून होती. मावशीने तिच्याशी तह केला, पैसे आधी घेतले, मशीन रविवारी पोचवू म्हणोन सांगितले, आणि नोटा वीरांचे हाती देण्यापूर्वी मुठीतच धरून बोलली.

“मशीन एकदाच विकता येतं, बिसिम्वा. गाडी चांगली निघाली तर दोघं खाऊ. भंगार निघाली तर मी हाताने टाके घालीन आणि तू समोर बसून बघशील. तेवढी शिक्षा पुरे तुला.”

हे ऐकून वीरांस घाम फुटला, परंतु तो उन्हाचा आहे ऐसे त्यांनी जाहीर केले.

मग मसलत सुरू जाहली. परदेशी माणसाने जुनी गाडी घेणे म्हणजे चक्रव्यूहात शिरणे. तोंड उघडताच बोली कळते, बोली कळताच किंमत चढते, आणि राग येताच वीरांचे तोंडी स्वाहिली येते, जी ऐकून येथल्या म्हाताऱ्यांस जुन्या काळचे शिपाई आठवतात आणि ते खिडकी लावून घेतात. ऐसे असता वीरांनी फोनमधील एक व्हिडिओ पाहून त्यासच गुरू केले. गुरूंनी सांगितले जे, लबाड विकणारा गिऱ्हाईक येण्याआधीच इंजिन तापवून ठेवतो; झिजलेले इंजिन तापल्यावर शहाण्यासारखे सुरू होते आणि थंड असता मेलेल्या म्हशीसारखे पडून राहते; सबब कोणी काही बोलण्याआधी इंजिनास हात लावावा. वीरांनी हे वचन शिरोधार्य मानले आणि स्टेजवरल्या एकाकरवी किंमत विचारून, येतो म्हणोन निरोप धाडून, थेट मकिंड्येस, सालोंगोंच्या अंगणी, लाल गाडीवर चालून गेले. त्याचा परिणाम वर लिहिलाच आहे. तथापि एक गोष्ट राहिली. त्या गाडीच्या मागल्या चिखलरबरावर पांढऱ्या रंगाने ‘हळूहळू’ ऐसे लिहिले होते. तीक्ष्णनेत्र वीरांनी टायरची नक्षी पाहिली, चेनची ढील पाहिली, आरशाचा तडा पाहिला, आणि तेवढे नेमके वाचले नाही.

शिकस्त खाऊन वीर घरी आले आणि चप्पल शिवण्यास बसले. मावशीने विचारले, आणि त्यांनी सारी लढाई स्वतःच्या बाजूने सांगितली. मावशीने ती ऐकून घेतली आणि कपाळास हात लावला.

“आपल्याकडेसुद्धा आधी माणसाला विचारतात रे. आणि हे इथले बागांडा लोक! यांच्याकडे घराला आग लागली तरी आधी ‘दिवस कसा गेला’ विचारतात आणि मग पाणी आणतात. तू जाऊन चुलीला हात लावलास.”

“चुलीला नाही, इंजिनाला.”

“तेच ते. बस समोर. म्हण, ‘दिवस कसा गेला?’”

“गाडी विकत घ्यायचीय, लग्न नाही करायचं!”

“बिसिम्वा.”

“...दिवस कसा गेला?”

आणि मग मावशीने वीरांस नमस्काराची कवाइत शिकविली. आधी दिवस विचारावा, मग घरचे विचारावे, मग कामाबद्दल आभार मानावे, मग खबरबात, आणि शब्द संपले तरी उठू नये, तर ‘म्म्’ म्हणावे. समोरचा ‘म्म्म्’ म्हणेल, त्यावर आपण ‘ए’ म्हणावे, आणि ऐसे हुंकार हळूहळू विझू द्यावे. मावशी हे सारे शेजारच्या बायकांत बसून शिकली होती. जसे शिकली तसेच तिने शिकविले, त्यात राईइतकाही फरक केला नाही. आणि पुढील अनर्थ यातूनच उद्भवला.

दुसरी स्वारी न्देबा पेठेवर. तेथे कावोया नामे गाड्यांचा व्यापारी, काळा चष्मा, पांढरे बूट, दारी गाड्यांची रांग आणि मध्ये एक निळी गाडी नवरीसारखी धुतलेली. बाजूस पत्र्याचे सावलीत त्याची आत्या शेंगदाणे भाजीत बसली होती. वीर आले आणि त्यांनी पाहिले जे, निळ्या गाडीच्या इंजिनावरून हवा थरथरते आहे, जशी तव्यावरून थरथरते. हात शिवशिवला, जीभ वळवळली. परंतु मशीन आठवले. आणि मग वीरांनी दोन्ही हात पाठीशी बांधले, आत्याबाईंसमोर आले, आणि मावशीने शिकविल्या बरहुकूम भर पेठेत दोन्ही गुडघे टेकले.

“दिवस कसा गेला, आत्या?”

न्देबा पेठेत हातोडी मारणाऱ्याची हातोडी वरच राहिली. मग आत्याबाई हसू लागल्या, ऐशा जे शेंगदाणे करपले.

“अरे पोरा! अरे माझ्या राजा! गुडघे बायका टेकतात रे! कुणी शिकवलं तुला?”

“मावशीने.”

“मावशी बायकांसारखंच शिकवणार की! कुठला तू?”

“काँगो.”

“काँगोहून येऊन गुडघे टेकतो, आणि आमची पोरं हात खिशातून काढत नाहीत. ऊठ. नको, थांब, बस इथं स्टुलावर. पुरुषासारखं शिकवते. कावोया! इकडे ये.”

“आत्या, गिऱ्हाईक आहे, त्याला गाडी दाखवू दे ना आधी. तयार आहे गाडी.”

“पळून चाललीय का? ये, समोर बस याच्या. तू घरमालक, हा पाहुणा. तुला तरी येतं का सगळं? म्हणून दाखव बघू.”

बागांडा मुलखी बापाची बहीण म्हणजे हुकूम, त्यावर अपील नाही. सबब कावोया चष्म्यासकट वीरांपुढे बसला आणि कवाइत सुरू जाहली. एकदा जाहली तो आत्या म्हणाल्या, घरचे कसे म्हणालास पण गुरांचे राहिले. पुन्हा. मग वीरांचा ‘म्म्’ बेडकासारखा निघाला म्हणोन पुन्हा. मग कावोयाचा एक डोळा गाडीकडे लागला म्हणोन पुन्हा, आणि त्याच्या डोक्यावर झाऱ्याचा मार. मग चहा आला, दाणे आले, एक ओळखीची म्हातारी आली, तिला मुळापासून करून दाखविणे आले, आणि मग आत्याबाईंनी आपल्या टोळ-कुळाची हकीकत काढली की आमच्यात टोळ का खात नाहीत, आणि ती आजोबांपासून नव्हे तर आजोबांच्या आजोबांपासून.

वीरांस आरंभी जीव जातो ऐसे वाटले. मग कुठल्याशा ‘म्म्म्’च्या मध्ये त्यांची तीक्ष्ण नजर निळ्या गाडीकडे गेली, आणि त्यांनी पाहिले जे, इंजिनावरील हवा आता थरथरत नाही. त्याच क्षणी कावोयानेही पाहिले. दोघांची नजरानजर जाहली. आणि वीरांस कळो आले की, जगातील सर्वात मोठी तोफ आपल्या हाती आली आहे आणि तिचे नाव ‘घरचे कसे आहेत’.

“आत्या,” वीर अदबीने बोलले, “टोळांचं कळलं. आणि तुमच्या माहेरच्या बाकीच्या मंडळींचं काय?”

“सांगते ना!”

“आत्या!” कावोया ओरडला.

“म्म्,” वीर म्हणाले.

पत्र्याची सावली आत्यांच्या पायांवरून सरकत कावोयाच्या बुटांवर आली, तेव्हा आत्याबाईच थकून म्हणाल्या, दाखव बाबा आता तुझी गाडी. कावोया उठला, फडक्याने पुसण्याचे निमित्त करून इंजिनास हात लाविला, आणि त्याचे तोंड उतरले. मग किक मारिली. गाडी खोकली. दुसरी मारिली, तिसरी मारिली, चोक ओढिला, आडवी करून हलविली, पांढरा बूट काढून अनवाणी मारिली. गाडीने मौन सोडिले नाही.

“काय रे,” आत्या म्हणाल्या, “सकाळी तर सांगत होतास लोणी आहे म्हणून.”

“थंडी आहे, आत्या.”

“थंडी? मी इथं वितळतेय!”

पेठ हसली. वीरांचे पोटात राग उठला, बत्ती पेटली, स्वाहिली शब्द ओठांशी येऊन रांगेत उभे राहिले. परंतु वीरांनी सर्वांस माघारी धाडले आणि उठून एवढेच बोलले:

“बरं वाटू दे तिला. घरच्यांना विचारलंय म्हणून सांगा.”

हे ऐकून हातोडीवाल्याने हातोडी खाली ठेवली आणि टाळ्या वाजविल्या. वीर मान ताठ करून पेठेबाहेर आले, आणि कोपरा वळताच एकटेच इतके हसले की गटारात पाय गेला. तीच चप्पल पुन्हा तुटली.

परंतु शत्रू नामोहरम जाहला म्हणोन गाडी मिळत नाही. शनिवार उजाडला, नोटा खिशात तशाच, स्टेजची मुदत उद्याची. आणि ज्या गाडीची चेन नीट, टायर नीट, जिच्या नटांवर पान्याचे ओरखडेसुद्धा नाहीत, ऐसी गाडी वीरांनी साऱ्या शहरात एकच पाहिली होती, आणि तिच्या मालकास चोर म्हणोन ते आले होते.

मग वीरांनी शर्ट धुतला, वाळण्याआधी घातला, आणि मकिंड्येची टेकडी पायी चढून सालोंगोंच्या फाटकाशी उभे राहिले. सालोंगो व्हरांड्यात मातोके केळी सोलणाऱ्या बायकोशेजारी बसले होते. लाल गाडी अंगणात उभी होती. त्यांनी वीरांस पाहिले आणि मग आभाळाकडे पाहिले, जणू तिकडून आणखी कोणी चांगला येतो आहे.

“दिवस कसा गेला, बाबा?”

सालोंगो आभाळच पाहत राहिले. केळीची साल गळून पडली.

“आई, दिवस कसा गेला?”

“बरा गेला, बाळा,” सालोंगोंची बायको बोलली, आणि नवऱ्यास कोपर मारले.

“बरा,” सालोंगो म्हणाले. “तुझा?”

“बरा. काम करता, आभार.”

“म्म्. तूही आभार.”

“म्म्म्.”

“ए.”

वीर पायरीवर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली कैद केले की उडून इंजिनावर जाऊ नयेत. म्हाताऱ्याने मुद्दाम लांबविले. शेजाऱ्यांचे विचारिले, पावसाचे विचारिले, बुकावूच्या तळ्यात मासे कोणते विचारिले. मग रीतीप्रमाणे विचारिले:

“घरचे कसे आहेत?”

याचे उत्तर मावशीने पढविले होते. काहीही असो, ‘आहेत तिथे’ म्हणावे, पुढे चालावे. वीरांनी तोंड उघडले आणि तोंड तसेच राहिले. कारण तिथे कोणी नव्हते.

“मावशी आहे,” शेवटी ते बोलले. “इथे, न्सांब्याला. तिचं मशीन विकलं गाडीसाठी. उद्या द्यायचंय.”

सालोंगोंची बायको सोलायची थांबली. सालोंगोंनी गाडीकडे पाहिले. मग म्हणाले, “म्म्.” तो हुंकार कवाइतीतला नव्हता.

“बाबा, त्या दिवशी मी चोर म्हणालो. चुकलो.”

“चुकलासच.” म्हाताऱ्याने कान खाजविला. “पण इंजिन गरम होतं, ते खरं.”

“आँ?”

“मीच तापवलं होतं. पाहुणा येणार, पहिल्यांदा बघणार. मुलगी दाखवायची तर तोंड धुवायला लावतात की नाही? माझा गुडघा गेला, आता टाच मारता येत नाही, नाहीतर मी विकतो होय हिला? म्हटलं, चांगल्या घरी पडावी. पहिल्या किकेत बोलावी पाहुण्यासमोर. आणि पाहुणा कोण, तर तू!”

बायको हसली. सालोंगोही हसू लागले, आणि वीर, ज्यांस स्वतःवर हसण्याची सवय नव्हती, तेही लागले.

“जा आता. लाव हात. सकाळपासून कोणी शिवलं नाही.”

वीरांनी मांडीखालचा हात काढला. तो मुंग्यांनी बधिर जाहला होता. मग दुसरा काढला, तोही तैसाच. मग वाकून गाल लाविला. इंजिन माठासारखे गार. वीरांनी किक मारिली. गाडी घसा खाकरून गप्प राहिली. वीरांचे काळीज मशीनच्या सुईसारखे खालीवर जाहले. दुसरी किक मारिली, आणि गाडी बोलली, आणि बोलतच राहिली. मग सालोंगोंस मागे बसवून टेकडी उतरून चढून आले. चढावर म्हातारा कानात ओरडत होता, “दाबू नकोस! ती स्वतः चढते! मागे लिहिलंय वाच!”

मग तह जाहला. किंमत पहिल्या दिवशीचीच, काँगोचा म्हणोन चढती नाही. चोर म्हटल्याबद्दल दंड एक कोंबडी, ती पहिल्या कमाईतून द्यावी. आणि दर महिन्यास येऊन घरचे विचारावे, इंजिनाचे नंतर. कागदांची हकीकत लिहीत नाही, वाचणारे निजतील.

तस्मात जाहीर व्हावे जे, राजश्री बिसिम्वा यांनी तीन स्वाऱ्या करून, एक चप्पल दोनदा तोडून, गुडघे टेकून आणि जीभ आवरून, लाल गाडी फत्ते केली. आणि आज रविवारी चेअरमन काग्वा यांचे आंब्याखाली त्यांस जागा मिळणार. आणि या फत्तेचे स्मरण पुढील पिढ्यांस राहावे म्हणोन ही बखर खोलीच्या उंबऱ्यावर बसून...

“बिसिम्वा! काय लिहीत बसलायस? दोरी घट्ट झाली, बघ जरा.”

मागे मशीन बांधले आहे. गाडीचे पहिले भाडे तेच, काबालागालाच्या शिंपिणीकडे. मावशी त्याच्या चाकावर हात ठेवून उभी आहे आणि सांगते आहे, हळू चालव, धक्का लागू देऊ नकोस, जसे ते अजून तिचेच आहे. हिच्यासमोर गाडी पहिल्याच किकेत बोलावी म्हणोन वीरांनी मावशी उठण्याआधी इंजिन गुपचूप तापवून ठेविले होते. लिहिता लिहिता गार जाहले. आता दोन किका लागतील. निघतो.